चार नंबरचा ग्लास

कुंदाला दुसरा मुलगा झाला ते साल दोन हजार बारा. नवरात्रात बारसं झालं, पाहुणे पांगले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता माझ्या जावयाने मला दारूच्या दुकानात नेलं.

काचेचं दार ढकललं तर आत दवाखान्यासारखा गारवा. भिंतीभर बाटल्या आणि प्रत्येक कप्प्यावर पिवळा दिवा सोडलेला. आमच्या गावच्या रवळनाथाच्या मूर्तीवरही एवढा उजेड नसतो. गल्ल्यावरचा टाय घातलेला माणूस माझ्या लेंग्याकडे आणि वहाणांकडे बघून म्हणाला, "आजोबा, देशीचं दुकान मागच्या गल्लीत आहे."

"मी काही मागितलंय का तुमच्याकडे?" मी म्हटलं.

"हे माझे सासरे आहेत," हेरंब म्हणाला. "चौतीस वर्षं माडी काढलीय त्यांनी. माडावर चढून."

"अरे वा! म्हणजे एकदम नॅचरल!" असं म्हणून त्या माणसाने मला हात जोडले. आधी हाकलत होता, आता पाया पडायचं तेवढं बाकी. दोन्ही वेळा मला त्याची सारखीच कीव आली.

हेरंबने बाटल्या निवडायला पाऊण तास लावला. बाटली उचलायची, उलटी करायची, बुडाशी छापलेली तारीख बघायची, दिव्यासमोर धरून तळाचा गाळ बघायचा आणि मान हलवून परत ठेवायची. मुलगी बघायला आलेली माणसंसुद्धा एवढी खोड काढत नाहीत. शेवटी चार बाटल्या घेतल्या. एक बेल्जियमची, दोन जर्मनीच्या, आणि एक इंग्लंडची, डांबरासारखी काळी. त्यांची किंमत कानावर पडली तसा मी बाहेर येऊन फुटपाथवर उभा राहिलो.

"एवढं काय आहे त्यात, जावईबापू?" तो बाहेर आल्यावर मी विचारलं.

"मामा, ही बेल्जियमची साधूंच्या मठात बनते."

"साधू दारू गाळतात?"

"गाळत नाहीत, आंबवतात. शेकडो वर्षं."

"मग पूजा कधी करतात?"

तो हसला. हसायचा छान. ते मला तेव्हाही दिसत होतं, पण हसऱ्या माणसाने संसार होत नाही असं माझं मत होतं.

बाळंतपण खरं तर मुलीच्या माहेरी व्हायचं. पण आमच्या माहेरात उरलं होतं कोण? बायको जाऊन सहा वर्षं झालेली, आणि मी माडावरून पडून कंबर मोडून घेतलेला म्हातारा. म्हणून माहेरच पिशवी उचलून वसईला कुंदाच्या ब्लॉकमध्ये राहायला आलं. बाळाला न्हाऊ घालायला एक बाई यायची. मी भाजी आणायचो, थोरल्या नातीला शाळेत पोचवायचो, आणि उरलेला वेळ जावयाकडे बघत बसायचो.

बघण्यासारखं होतंच ते. हेरंब शिवलकर, वय सदतीस, रसायनशास्त्राचा पदवीधर. एका अर्काच्या कारखान्यात होता. बिस्किटातला वेलदोडा, सरबतातला आंबा, असले वास बाटलीत भरणारा कारखाना. तिथे हा चाखायच्या खात्यात साहेब. चाखायचे पगार मिळतात हे मला त्याच्या लग्नात कळलं तेव्हाच मी कपाळाला हात लावला होता. बिअरचा नाद तेव्हापासूनचा, पण तो सुटीच्या दिवसापुरता. त्या वर्षी एप्रिलमध्ये त्याने नोकरी सोडली आणि नाद हाच धंदा झाला. विरारपासून कुलाब्यापर्यंत जिथे जिथे बाहेरदेशची बिअर ठेवणारं दुकान असेल तिथे हा जायचा. घरी आणायचा, चाखायचा, वहीत लिहायचा, मग ते इंग्रजी करून कॉम्प्युटरवर टाकायचा. ते वाचणारी माणसंही होती म्हणे. जगात रिकामटेकड्यांना तोटा नाही.

"आप्पा, तुम्ही यांना टोचून बोलू नका," कुंदा एकदा बाळाला पाजताना म्हणाली. "एक भरूचा म्हणून आहेत. बाहेरची बिअर आणवतात. ते आता मोठं दुकान काढतायत, आणि कुठली बाटली आणायची, कुठली नाही, हे ठरवायला माणूस शोधतायत. यांचं लिहिलेलं वाचून त्यांनीच बोलावलंय. दिवाळीनंतर परीक्षा घेणार आहेत."

"दारूची परीक्षा?"

"हो, दारूची. माझी रजा जानेवारीत संपते. हॉस्पिटलमध्ये रात्रपाळ्या चालू होतील. दोन मुलं आणि एक पगार. हे काम यांना मिळायलाच हवं, आप्पा. सात महिने माणूस घरात बसलाय, आतून पोखरला गेलाय. तुम्हाला दिसत नाही."

मला दिसत होतं ते एवढंच की सात महिन्यांत त्याने दुसरी नोकरी शोधली नव्हती.

दुपारी कुंदा आणि बाळ झोपली की हेरंब मला गॅलरीत बोलवायचा. दोन खुर्च्या, मध्ये स्टूल, स्टुलावर छोटे ग्लास. बाळाच्या औषधाचा डोस द्यावा एवढीशी बिअर तो ग्लासात ओतायचा.

"आधी हुंगा, मामा. घाई नको."

"चौतीस वर्षं पहाटे मडक्यात नाक घालत होतो मी. मला हुंगायला शिकवताय?"

"शिकवत नाही. सांगा ना, काय येतंय?"

"धणे. आणि पपनसाची साल."

तो लिहायचा. "आणि ही?"

"चुलीवर टांगलेला सुका बांगडा."

"बांगडा?"

"बांगडाच. धुरी दिलेला. जर्मन माणसाला तुम्ही बिअर मागितलीत, त्याने तुम्हाला कालवण दिलं. ती काळी द्या बघू इकडे. ही म्हणजे करपलेली नाचणीची भाकरी, वर गुळाचा खडा. ही भाकरी माझ्या बायकोने केली असती तर मी ताट सरकवलं असतं, आणि तुम्ही पैसे मोजून आणता."

हेरंब पोट धरून हसत लिहायचा. सगळ्यात महागडी बाटली त्याने तारेचं टोपण काढून उघडली, तिला बूच होतं. मी एक घोट घेतला आणि गॅलरीच्या जाळीतून थुंकलो.

"तिसऱ्या दिवशीची माडी. आंबट ढाण. आणि ज्या मडक्यात धरली ते धुतलेलं नाही. ओल्या गोणपाटाचा वास मारतोय."

"ओलं गोणपाट," तो लिहिता लिहिता पुटपुटला.

"तुम्हाला काय वाटतं, जावईबापू? मीच बडबडतोय मघापासून."

"तेच वाटतं, मामा. अगदी तेच."

दर वेळी तेच. मी मुद्दाम विचारायचो आणि दर वेळी "अगदी तेच" असं उत्तर यायचं. शिकलासवरलेला माणूस, वेलदोड्याचा साहेब, आणि त्याला स्वतःचं मत नाही. एकदा तर मी नातीला घेऊन बाहेरून आलो तेव्हा जिन्यापासून करपल्याचा वास. ओट्यावर दूध उतू जाऊन, आटून, पातेलं काळं पडलेलं, आणि हा शेजारी टेबलावर बसून वही चाळतोय. कुंदा आतून धावत आली.

"अहो, नाक आहे की काय आहे?"

"लक्ष नव्हतं गं," तो म्हणाला आणि पातेलं घासायला बसला.

मी मनात म्हटलं, दारूच्या बाटलीत बांगडा शोधणाऱ्याला शेजारचं दूध कळत नाही.

मला अक्षर आलं एकोणसाठाव्या वर्षी. कंबर मोडून खाटेवर पडलो तेव्हा शाळेतल्या नाईकबाई पंचायतीच्या वर्गाची पाटी घेऊन घरी यायच्या. अक्षरं मला माडासारखी चढावी लागली, एकेक खाच पकडत. अजूनही बोट ठेवल्याशिवाय ओळ वाचता येत नाही. पण तेव्हापासून छापलेलं, लिहिलेलं काहीही दिसलं की मी वाचून काढतो. दुकानांच्या पाट्या, औषधाच्या चिठ्ठ्या, पिशवीवरची नावं. म्हणून दिवाळी झाल्यावर एका दुपारी गॅलरीत हेरंबची नवरात्रापासूनची वही उघडी पडलेली दिसली तेव्हा मी ती मांडीवर घेतली आणि बोट ठेवलं.

धणे. पपनसाची साल. धुरी दिलेला बांगडा.

पान उलटलं. करपलेली नाचणीची भाकरी, वर गुळाचा खडा. पुढे, ओलं गोणपाट. तीस-बत्तीस पानं होती. माझ्या तोंडून निघालेला एकेक शब्द तिथे होता, आणि कुठेही माझं नाव नव्हतं. पहिल्या पानावर मात्र ठळक लिहिलेलं होतं, "हेरंब शिवलकर यांची टिपणं." मी शेवटपर्यंत वाचलं. त्याची स्वतःची अशी एक ओळ सापडली नाही.

त्याच रात्री जेवताना तो कुंदाला सांगत होता, "भरूचांचा फोन होता. म्हणाले, 'ओलं गोणपाट' वाचून दोन दिवस हसतोय. असं नाक मुंबईत दुसरं नाही म्हणाले."

कुंदाने त्याच्या पानात आणखी एक पोळी वाढली. किती महिन्यांनी तिचा चेहरा उजळला होता. मी खाली मान घालून भात कालवत होतो. चौतीस वर्षं हे नाक घेऊन मी माड चढलो, उतरलो, आणि ठेकेदाराने कधी त्याला चहा विचारला नाही. तेच नाक ह्याने वहीत घातलं, तर मुंबईत दुसरं नाही.

परीक्षेच्या आदल्या दिवशी तो माझ्याजवळ येऊन बसला. हात चोळत होता.

"मामा, उद्या माझ्याबरोबर चला."

"मी काय करू तिथे?"

"नुसतं शेजारी बसा. भरूचा सहा ग्लास मांडणार आहेत, नावं न सांगता. त्यातली एक बाटली मुद्दाम खराब केलेली असणार, ती ओळखायची. मी प्रत्येक ग्लास तुमच्याकडे देईन. म्हणेन, सासऱ्यांनाही चव बघू दे. चांगला असला तर घोट घेऊन माझ्या हातात परत द्या. खराब असला तर टेबलावर ठेवा. बस."

"का? तुमचं नाक सुटीवर गेलंय?"

तो म्हणाला, "सर्दी झालीय. आणि परीक्षेत मी घाबरतो."

सर्दी कुठे दिसत नव्हती. मला दिसला तो चोर, जो माल पळवून वर मालकालाच हमालीला बोलवत होता.

"येतो," मी म्हटलं. "जावयाला नाही कसं म्हणणार?"

काय करायचं ते माझं तेव्हाच ठरलं. एकदा तोंडावर आपटला की जाईल परत कारखान्यात, असा माझा हिशेब होता. कुंदाचंही भलं त्यातच होतं.

भरूचा दादरच्या पारशी कॉलनीत राहायचे. सत्तरीचे, गोरेपान, घरातल्या घरातही पॉलिश केलेले बूट. जेवणाच्या लांब टेबलावर सहा ग्लास, प्रत्येकावर बशी झाकलेली आणि खाली आकड्याची चिठ्ठी.

"आवो, आवो. हा बाबाजी कोण?"

"माझे सासरे. माडी काढायचे कोकणात. त्यांनाही जरा चव बघू दे म्हटलं."

"टोडी! अरे, मी लहानपणी खूप पिला. बसा, बाबाजी, बसा." मग हेरंबकडे वळून म्हणाले, "बघ डिकरा, पाच ग्लास फर्स्ट क्लास. एक बाटली मी दहा दिवस गच्चीवर उन्हात ठेवली होती. तेवढी मला शोधून दे. बाकी नाव, गाव, काही नको. बिअरला ऊन लागलं तर ती मेली. जो मेलेली ओळखत नाही तो माझं दुकान बुडवणार."

पहिला ग्लास हेरंबने नाकाशी धरला, डोळे मिटले, घोट घेतला आणि माझ्याकडे दिला. धणेवाली. मी घोट घेऊन त्याच्या हातात परत दिला. दुसरा, नाचणीची भाकरी. परत दिला. तिसरा, कडूजहर पण ताजा, कडुनिंबाच्या मोहोरासारखा. परत दिला. प्रत्येक वेळी त्याचे खांदे थोडे खाली यायचे, आणि तो भरूचांना दोन वाक्यं सांगायचा, आमच्या गॅलरीतली. भरूचा मान डोलवत होते.

चौथ्यावरची बशी उचलली आणि माझ्यापर्यंत पोचायच्या आधीच मला कळलं. उदमांजर. रात्री माडावर चढून मडक्यात तोंड घालणारं उदमांजर कोयती दाखवून हुसकावलं तर जाताना जो वास सोडतं, तो. टेबलापलीकडे बसलेल्या भरूचांनी मुद्दाम खिडकीकडे तोंड केलं होतं. हेरंबने मात्र ग्लासात नाक खुपसून लांब श्वास घेतला, घोट घेतला, गिळला आणि ग्लास माझ्या हातात दिला.

आमच्या धंद्यात एक गोष्ट शिकावी लागते. दुपारपर्यंत माडी खपली नाही की ती फिरते, आणि फिरलेली माडी घ्यायला गिऱ्हाईक कुरकुरतं. तेव्हा काढणाऱ्याने त्याच्या समोर उभं राहून पहिला पेला स्वतः प्यायचा. भुवई हलता कामा नये. शेवटी ओठ पुसून "हं" म्हणायचं. गिऱ्हाईक मडकं उचलतं. मी हे शेकडो वेळा केलं होतं.

मी चौथा ग्लास पूर्ण प्यायलो. ओठ पुसले. "हं," म्हटलं, आणि रिकामा ग्लास हेरंबच्या हातात परत दिला.

त्याचे डोळे चमकले. पाचवा ग्लास आला, गव्हाची, सकाळच्या पावासारखी गोड आणि ताजी. मी ती ओठांना लावली आणि टेबलावर ठेवली.

"सांग डिकरा," सहावा झाल्यावर भरूचा म्हणाले.

"पाच नंबर, सर. पाचला ऊन लागलंय."

भरूचांनी पाचवा ग्लास उचलून हुंगला. मग हेरंबकडे बघितलं. "पाच?"

"पाच."

"आणि चार कशी वाटली?"

"चार सगळ्यात ताजी, सर. लिंबाच्या फुलांचा वास आहे तिला. अगदी हलका."

भरूचा उठले, फ्रिजमधून चार नंबरची बाटली आणून त्यांनी स्वच्छ ग्लासात ओतली. खोलीभर उदमांजर फिरलं. आतून त्यांची कामवाली बाई डोकावून नाकाला पदर लावून गेली. "परत हुंग," ते म्हणाले. "बरोबर हुंग."

हेरंबने हुंगलं. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. मला वाटलं आता तरी कळेल, आता तोंड वाकडं करील. तो म्हणाला, "ताजी आहे, सर."

मी मिशीत हसलो. हे लिहिताना सांगतो, त्या क्षणी मला फार बरं वाटलं होतं.

"हे माझ्या ड्रायव्हरला पण कळेल," भरूचा हळू आवाजात म्हणाले. रागावले नव्हते. ते पुढे म्हणाले, "तुझं ते सगळं कोणी लिहिलं, डिकरा?"

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "आणि बाबाजी, तुम्ही तर चार नंबर संपवला!"

"मी माडी पिणारा माणूस," मी म्हटलं. "मला काय कळतंय बिअरमधलं?"

जिना उतरून आम्ही खाली आलो. समोर बाग होती, तिथल्या बाकावर हेरंब बसला. दुपारचे तीन वाजले असतील. मी उभाच राहिलो.

"चार खराब होता ना, मामा?"

"ग्लास हातात यायच्या आधी कळलं होतं."

त्याने मान हलवली. मग म्हणाला, "का केलंत?"

"वही वाचली मी तुझी. अक्षर येतं मला, विसरलास? माझे शब्द, माझं नाक, आणि नाव तुझं." लग्नापासून पहिल्यांदाच मी त्याला अरेतुरे केलं.

"मला वास येत नाही, मामा."

"काय?"

"शिमग्यापासून. कसलाच येत नाही. वास नाही म्हणून चवही नाही. तिखट तेवढं झोंबतं आणि मीठ कळतं. कारखान्यात मी गुलाबाच्या पिंपात केवडा पास केला. दोनदा. त्यांनी राजीनामा मागितला. मी घरी सांगितलं, मी सोडली." तो सगळं एका दमात बोलला. "मला दुसरं काय येतं? सोळा वर्षं मी चाखतोच आहे. वाटलं, परत येईल. तोवर जुन्या टिपणांवरून लिहीत होतो. तुम्ही आलात, तुमचं नाक बघितलं, आणि वाटलं की येईपर्यंत निभावेल. हे काम मिळालं असतं तर तुम्हाला इथेच ठेवून घेणार होतो. कुंदाला तसं बोललोही होतो."

"म्हणजे मी तुझं भाड्याचं नाक."

"तसं नाही, मामा."

"तसंच आहे. सर्दी म्हणालास मला. तोंडावर खोटं बोललास."

"तुम्ही हसला असतात."

हे खरं होतं, म्हणून मला जास्त राग आला.

"कपाळही दुखतं सकाळी उठल्यावर," तो म्हणाला. "पण कुंदाला यातलं काही सांगू नका. ती नर्स आहे. तिला कळलं तर उद्यापासून तपासण्या सुरू होतील, आणि बाळ दोन महिन्यांचं पण नाही. जानेवारीपर्यंत मी कुठेतरी चिकटतो, मग माझं मीच सांगेन तिला. शपथ घ्या."

"शपथ कसली? तुझं नाक, तुझी बायको. मला काय पडलंय?" मी पिशवी खांद्याला लावली. "आणि रडगाणं बंद कर. नाक गेलं म्हणून कोणी मरत नाही."

तो उठला आणि आम्ही घरी गेलो.

कुंदाने दारातच विचारलं. हेरंब आत जाऊन बाळाजवळ बसला. मी म्हटलं, "तुझ्या नवऱ्याला काही येत नाही. एवढंच."

चार दिवसांनी मी गावी परतलो. जानेवारीत कुंदाचा फोन आला, हेरंब एका औषधांच्या गोदामात लागला, माल चढ-उतरीची नोंद करायला. पगार निम्मा. बिअर बंद, वही बंद. मला आनंद झाला. मी आमच्या पारावर सांगत सुटलो की जावयाची उतरवली मी, एका ग्लासात उतरवली. ग्लास कसा प्यायलो ते करून दाखवायचो आणि मंडळी हसायची. फोनवर कुंदा कधी म्हणायची, यांचं डोकं दुखतं, चष्म्याचा नंबर वाढला असेल. मी म्हणायचो, कष्टाची सवय नाही, होईल हळूहळू.

त्याने तिला सांगितलं असेल असं मी धरून चाललो होतो. विचारलं नाही.

पुढच्या जूनमध्ये तो गोदामात खुर्चीवरून खाली पडला. फिट आली होती. मी रात्रीची एसटी पकडून सकाळी हॉस्पिटलात पोचलो तेव्हा तो बेशुद्ध होता, आणि कुंदा एका तरुण डॉक्टरणीसमोर उभी होती. भिंतीवर दिव्यासमोर डोक्याचा फोटो लावलेला. कपाळामागे, दोन्ही डोळ्यांच्या मध्ये, पेरूएवढा पांढरा गोळा.

"हा हळूहळू वाढतो," डॉक्टरीण म्हणत होती. "वास घेणाऱ्या नसांवरच बसलाय. म्हणून सगळ्यात आधी वास जातो. लहान असताना सापडला असता तर काढायला पुष्कळ सोपा होता. यांचा वास कधीपासून गेला होता?"

"वास?" कुंदा म्हणाली. "वास गेला नव्हता, मॅडम. यांचं कामच ते होतं. गेल्या वर्षापर्यंत बिअरवर लिहायचे. नाक फार तिखट होतं यांचं."

डॉक्टरीण फोटोकडे बघत राहिली. "असं होणार नाही," ती म्हणाली. "आठवून बघा."

कुंदा आठवू लागली. मी दाराशी पिशवी धरून उभा होतो.

"मागच्या वर्षीच्या शिमग्यापासून," मी म्हटलं. "कपाळ पण दुखायचं. नोव्हेंबरात सांगितलं त्याने मला."

कुंदा वळली. तिला आधी मी आलोय हेच माहीत नव्हतं. तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "तुम्हाला?"

"कोणाला सांगू नका म्हणाला."

"आणि तुम्ही ऐकलंत त्यांचं," कुंदा म्हणाली. "जन्मात पहिल्यांदा."

ती परत डॉक्टरणीकडे वळली आणि ऑपरेशनचं विचारू लागली. त्यानंतर गेल्या नऊ वर्षांत ती माझ्याशी बोलली आहे ते कामापुरतं.

ऑपरेशन तीन जुलैला झालं. तो शुद्धीवर आला नाही. माझा जावई हेरंब दत्तात्रय शिवलकर दोन हजार तेरा सालच्या जुलैच्या अकरा तारखेला, गुरुवारी सकाळी, वयाच्या अडतिसाव्या वर्षी वारला.